बायनाबाई आहे तोवर

पेडगावच्या केशरबाईची लग्नं किती झाली हे गावात कोणालाही विचारा, जो तो वेगळा आकडा सांगेल. कोणी एक म्हणेल, कोणी दोन, कोणी तीन. खुद्द तिलाच विचारलं तर ती पदर तोंडाला लावून म्हणेल, "मला काय विचारता, पाळकसाहेबांला विचारा." अठ्ठावन्न वर्षांची काटक, रापलेली बाई. कापूस वेचायला लागली की अजूनही तरण्या पोरींना मागं टाकते. कोणाचं वाईट तिनं केलं नाही, चिंतलं नाही. उलट चांगलं वागायचं तिनं इतकं मनावर घेतलं, की त्यापायी हातचं होतं तेही गेलं. तिची गोष्ट सांगायची तर ती एवढीच आहे.

पहिलं लग्न सतराव्या वर्षी, मानवतकडच्या एका खेड्यात. एकोणिसाव्या वर्षी नवरा तापानं गेला. मग दोन वर्षं भावाच्या दारात काढली. भावजय वाईट नव्हती, पण दुसऱ्याच्या घरची भाकरी दिवसेंदिवस जड होत जाते. तेवढ्यात पेडगावच्या मुंजाजीचं स्थळ आलं. मुंजाजी सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीनं एकाच मालकाच्या शेतावर राबणारा गडी. त्याची पहिली बायको बायनाबाई, येलदरीची. दोन वर्षं नांदली आणि एके दिवशी धरणाकडं माहेरी गेली, ती परत आलीच नाही. भांडण नव्हतं, मारहाण नव्हती. तिला पेडगाव आवडलं नाही आणि मुंजाजीही आवडला नाही, एवढंच. रीतसर काडीमोड करायची तर पंच बसवावे लागतात, दोन्हीकडची माणसं गोळा करावी लागतात. ते कोणी केलं नाही. मोडलंय असं सगळे धरून चालले.

अशा रीतीनं विधवा केशर आणि बायकोनं टाकलेला मुंजाजी यांचा पाट लागला. एकदा हळद लागलेल्या बाईला दुसऱ्यांदा ती उजेडात लावायची नाही, असा रिवाज. दिवस बुडाल्यावर गावाबाहेर चार माणसांत सगळं उरकलं. वाजंत्री नाही, मांडव नाही, आणि सवाष्णींनी पाटाच्या बाईचं तोंड त्या दिवशी बघायचं नाही. केशरबाई एकवीस वर्षांची होती. तिला भूक लागली होती आणि कोणी जेवायचं विचारलं नाही. घरी आल्यावर मुंजाजीनंच पिठलं टाकलं. त्या पिठल्यावर दोघांनी पंचवीस वर्षांचा संसार उभा केला असं म्हटलं तरी चालेल.

मुलगी झाली, राजेश्री. ती गंगाखेडला दिली, जावई साखर कारखान्यात लागला. मुंजाजी स्वभावानं मऊ. त्याला एकच खोड, प्यायचा. पिऊन बायकोला मारणारे गावात डझनभर होते, हा पिऊन रडायचा. बायनाबाई का गेली म्हणून रडायचा, आणि केशरबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणायची, "मी हाय न्हवं का." गावातल्या बायका याला हसायच्या. पण कडब्याच्या गंजीआड, बंधाऱ्याच्या काठी, घरातल्या गोधडीवर ही दोघं एकमेकांना धरून राहिली हे त्याच बायका कबूल करायच्या. नवराबायकोत जे असावं ते त्यांच्यात होतं, भरपूर होतं.

दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात मुंजाजीला रक्ताची उलटी झाली. परभणीच्या दवाखान्यात आठ दिवस पडून होता. तिथं पेशंटांसाठी प्रार्थना करत फिरणारा एक तरुण पाळक त्यांना भेटला. नाव बालाजी, सांगायचा येशूचं. नाव बदला असं कोणी म्हटलं तर हसून म्हणायचा, आईनं ठेवलंय, राहू द्या. त्यानं मुंजाजीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मुंजाजी घरी आला आणि पुन्हा दारूला शिवला नाही. ती येशूनं सोडवली की डॉक्टरनं भरलेल्या दमानं सुटली, यावर पेडगावात आजही दोन पक्ष आहेत. केशरबाईचा पक्ष ठरलेला होता. गावाच्या कडेला एका पत्र्याच्या खोलीत दर रविवारी पंधरा-वीस माणसांची मंडळी जमायची, तिथं दोघं जायला लागली.

एका रविवारी बालाजी पाळक नवराबायकोच्या संगाविषयी बोलला. बायकांनी माना खाली घातल्या. केशरबाई मात्र त्याच्याकडं बघतच राहिली. ही गोष्ट तिनं जन्मभर शिव्यांत ऐकली होती, शिमग्याच्या बोंबांत ऐकली होती, खुरपताना बायकांच्या दबक्या हसण्यात ऐकली होती. हा पोरगा ती स्वच्छ तोंडानं बोलत होता. शरीर घाण नाही, म्हणत होता, ते देवानं घडवलंय आणि देवाचंच आहे. नवराबायकोचं एकत्र येणं ही देवाची देणगी आहे, तिला लाजायचं कारण नाही. एक पुरुष, एक बाई, मरेपर्यंत. त्या कुंपणाच्या आत सगळं पवित्र, आणि बाहेरचं नुसतं मनात आणलं तरी पाप.

घरी जाताना केशरबाईचा निश्चय झाला होता. पाटाची बाई म्हणून तिनं पंचवीस वर्षं मान खाली घालून काढली होती. लग्नकार्यात तिला बोलावत, पण हळद लावायला पुढं करत नसत. आता तिला त्या कुंपणाच्या आत जायचं होतं, मुंजाजीला घेऊन. उजेडात, चार लोकांसमोर, देवासमोर त्याची बायको व्हायचं होतं. दुसरं काही तिला नको होतं.

बाप्तिस्म्याच्या आधी पाळकानं वहीत नावं लिहून घेतली.

"लग्न कधी झालं, मावशी?"

"लगीन न्हाई साहेब, पाट लागला. दिवाळीच्या मोऱ्हं."

"मामांचं पहिलं लग्न झालेलं होतं का?"

"व्हतं की," मुंजाजी म्हणाला.

"ती वारली?"

"न्हाई न्हाई. येलदरीला हाय. लय ठणठणीत हाय."

पाळकाचा पेन थांबला. त्यानं वही मिटली आणि परभणीच्या वडीलधाऱ्या पाळकांना विचारून सांगतो म्हणाला. पंधरा दिवसांनी आला तेव्हा त्यानं चहाही घेतला नाही. त्याचं स्वतःचं लग्न होऊन चारच महिने झाले होते आणि जे सांगायचं होतं ते त्याच्या जिवावर आलं होतं.

"मामा, पहिली बायको जिवंत आहे तोवर देवापुढं तीच तुमची बायको. पंचांनी काडीमोड केली असती तरी देवापुढं ती झाली नसती. तुम्ही तिच्याकडं जा, नाहीतर एकटे राहा. केशरमावशींसोबत एका घरात नाही. पहिली गेल्यावर मात्र मार्ग मोकळा आहे, मी स्वतः तुमचं लग्न लावीन."

"आनी ही पंचवीस वर्षं?" मुंजाजीनं विचारलं.

"ती देवानं माफ केली."

मुंजाजी विचारात पडला. "माफ कामून?" तो म्हणाला. "ती तर चांगली गेली."

 आधी पहिलीकडं जाऊन तर या, एवढंच पाळक म्हणाला. मुंजाजी एसटीनं येलदरीला गेला. बायनाबाई धरणाच्या रस्त्यावर मासळी विकत बसली होती. अंगानं भरली होती, आवाज तोच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गिऱ्हाइकासमोर खो खो हसली. "इतक्या वर्षांनी आठवण आली व्हय? तुपली बाई चांगली हाय म्हणतेत. जा गप तिच्याकडं," म्हणाली, आणि वर किलोभर मासे बांधून दिले. ते मासे केशरबाईनं रांधले. दोघांनी एका ताटात खाल्ले.

"न्हाई घेतला बाप्तिस्मा तर काय व्हतंय?" जेवता जेवता मुंजाजी म्हणाला. "रविवारी जाऊ, मागं बसू, गाणी म्हणू. आपलं काय अडलंय?"

"तुमाला काय, तुमी गडीमाणूस. मी काय देवापुढं बी पाटाचीच बाई म्हणून उभी राहू?"

ती रडायला लागली. मुंजाजीला तिचं रडणं कधीच सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं गोधडी आणि दोन धोतरं गुंडाळली आणि मालकाच्या आखाड्यावर राहायला गेला. आखाडा म्हणजे शेतातली बैल-अवजारांची झोपडी, गावापासून दीड कोसावर. महिन्याभरात दोघांचा बाप्तिस्मा झाला. प्रभुभोजनाचा पावाचा तुकडा आणि पेलाभर द्राक्षाचा रस केशरबाईच्या हातात पहिल्यांदा आला. गडीमाणसांच्या बाजूला बसलेल्या मुंजाजीनं तिच्याकडं बघितलं. तिनं बघितलं नाही, कारण आता बघायचं नव्हतं.

गावानं तोंडसुख घ्यायचं ते घेतलं. सगळ्यांचे देव जोडपी लावतात, यांचा देव सोडवतो, असं पारावर बरेच दिवस चाललं होतं. केशरबाईनं कानावर पडू दिलं, मनावर घेतलं नाही. ती रोज सकाळी भाकरी घेऊन आखाड्याकडं जायची. एकांतात भेटू नका असं पाळकानं सांगितलं होतं. ती ते अक्षर न् अक्षर पाळायची. बांधावर फडकं ठेवायची, "भाकर ठिवली वो" अशी हाक द्यायची आणि विहिरीपर्यंत मागं सरून उभी राहायची. मुंजाजी येऊन फडकं उचलायचा. दोघं लांबून चार शब्द बोलायची, राजेश्रीचा फोन आला होता का, बैलाचा पाय बरा आहे का. मग ती गावाकडं आणि तो शेताकडं.

शेहेचाळिसाव्या वर्षी शरीर काही म्हातारं झालेलं नसतं. केशरबाईला मुंजाजीची आठवण यायची ती नुसती मायेची नव्हती. त्याच्या पाठीचा, मानेचा, अंगाच्या घामाचा वास तिला आठवायचा आणि ती दचकून उठून बसायची. मनात आणलं तरी पाप, हे तिच्या कानात पक्कं बसलं होतं. ज्या दिवशी असं व्हायचं त्या दिवशी ती उपास धरायची. पहिल्या वर्षी तिचे इतके उपास झाले की राजेश्री आईला टीबी झाला असं समजून तिला तपासायला घेऊन गेली. बिचारीनं लेकीला काय सांगावं, कशापायी उपास धरतेय ते.

हेही तिनं सोसलं असतं. तिला खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीनं. पहिली गेल्यावर मार्ग मोकळा आहे, हे पाळक सहज बोलून गेला होता. ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. त्या साली जिंतूरकडं तापाची साथ आली. बाजारात कोणीतरी येलदरीचं नाव काढलं आणि केशरबाईच्या मनात आलं, बायनाबाईला होतोय का काय. होईना का. भाजीची पिशवी तशीच टाकून ती पाळकाकडं गेली आणि ढसाढसा रडली. मनात आणलेला संग हे जर पाप, तर मनात आणलेलं मरण हा खूनच झाला की. पाळकानं तिला धीर दिला, म्हणाला, तिच्यासाठी प्रार्थना करत जा, मन स्वच्छ राहील.

तेव्हापासून दर रविवारी केशरबाई उभी राहून मोठ्यानं प्रार्थना करायची, येलदरीच्या बायनाबाईला दीर्घ आयुष्य दे, निरोगी ठेव. आणि इथंच न थांबता तिनं स्वतःला आणखी एक बंधन घालून घेतलं, जे पाळकानं सांगितलं नव्हतं, शास्त्रात नव्हतं, कुठंच नव्हतं. बायनाबाईची खबर घ्यायची नाही. खबर घ्यायची म्हणजे ती मेली का हे विचारायचं, आणि मेली का विचारायचं म्हणजे ती मरावी असं वाटून घ्यायचं. विहिरीपाशी उभं राहून तिनं मुंजाजीलाही बजावलं.

"येलदरीची बरी-वाईट कोन्तीच खबर माझ्या कानावर घालायची न्हाई. शपथ हाय माझी."

"बरं," मुंजाजी म्हणाला. सालगड्याला बरं म्हणायची सवयच असते.

वर्षं गेली. केशरबाईचं मंडळीत नाव झालं. एवढा त्याग कोण करतं. बालाजी पाळक तिला आसपासच्या गावी न्यायचा, साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते लोकांसमोर सांगायला. गंगाखेडच्या मोठ्या सभेत ती माइकसमोर उभी राहिली आणि देहाचं सुख मी देवासाठी सोडलं असं म्हणाली, तेव्हा शे-दीडशे माणसं रडली. जन्मभर जिला मागं बसवलं तिला आता पहिल्या ओळीत खुर्ची मिळायला लागली. तरण्या पोरी लग्नाआधी तिचा आशीर्वाद घ्यायला येत, पोरांनी पवित्र राहावं म्हणून आया तिचं उदाहरण देत. तिला ते आवडायला लागलं. हा मी तिच्यावर आळ घेत नाही, तिनंच पुढं कबूल केलं. त्या सभांना मुंजाजी मागं कुठंतरी उभा असायचा, नाहीतर नसायचाच.

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एके सकाळी ती बांधावर गेली तर कालचं फडकं तिथंच होतं, मुंग्या लागलेलं. तिनं हाका मारल्या. आतून मुंजाजीचा बारीक आवाज आला, ताप हाय, येऊ नको. केशरबाई आखाड्याच्या दारापासून दहा पावलांवर उभी होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, म्हणजे एकांत होता. ती आत गेली नाही. धावत गावात गेली, मालकाच्या घरून माणूस पाठवला, काढा करून दिला, प्रार्थना केली, सगळं केलं. मुंजाजी बरा झाला. त्या दहा पावलांविषयी तो कधी बोलला नाही आणि तिनं ती परीक्षा पास झाल्याबद्दल देवाचे आभार मानले. आता ती आठवण निघाली की ती स्वतःच्या तोंडात मारून घेते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मंडळीत सुकेशनी नावाची बाई नव्यानं आली. तिचं माहेर येलदरी, नवऱ्याच्या नोकरीमुळं पेडगावला राहायला आलेली. केशरबाईची प्रार्थना झाली आणि उपासना सुटल्यावर सुकेशनी चपला घालता घालता तिच्याजवळ आली.

"मावशी, तुमी कोन्त्या बायनाबाईसाठी प्रार्थना करता? मासळीवाल्या का?"

केशरबाईनं कानावर हात ठेवायच्या आत ती पुढं बोलून गेली.

"त्या वारल्या की. लॉकडाऊनच्या दोन सालं आदी. मी माहेरीच व्हते तवा. कावीळ झाली व्हती."

 आधी केशरबाईला आनंद झाला. लपवायचं कशाला, आनंदच झाला, पोटातून उसळून आला. मग त्या आनंदाची लाज वाटली. आणि मग तिच्या लक्षात आलं की सहा वर्षं झाली. सहा वर्षं ती एका मेलेल्या बाईला निरोगी ठेव म्हणून देवाला सांगत होती, आणि त्या सहा वर्षांत मुंजाजी तिच्या घरात असता. पाळकाला कळलं तेव्हा तोही हबकला, पण लगेच सावरला. देवाची वेळ आली, म्हणाला. पुढचे तीन रविवार नोटीस वाचतो आणि लग्न लावतो.

ती तशीच आखाड्याकडं निघाली. दुपारची वेळ. मुंजाजी लिंबाखाली दावं वळत बसला होता. चौसष्टीचा झाला होता, दाढी पांढरी, एका डोळ्यात मोतीबिंदू. बारा वर्षांत पहिल्यांदा ती विहिरीपाशी थांबली नाही. सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली. तो जरा मागं सरकला.

"बायनाबाई गेली," ती म्हणाली.

"हं."

"सहा वर्षं झाली म्हणतेत."

"हं. कावीळ झाली व्हती." मुंजाजी दावं वळतच होता. "तिचा भाचा आला व्हता सांगायला. दहाव्याला जाऊन आलो मी."

केशरबाईला आधी कळेचना की तो काय बोलतोय. कळलं तेव्हा तिचा आवाज चढला. "ठावं व्हतं तुमाला? मंग सांगितलं कामून न्हाई?"

"आलो व्हतो की सांगायला. येलदरीहून उतरलो ते तसाच घरी आलो. तू प्रार्थनेला बसली व्हतीस. मी म्हणलं, केशर, येलदरीचं सांगायचं हाय. तू डोळे न उघडताच म्हणलीस, तिकडचं असंल तर जावा."

तिला आठवलं. दार अर्धं उघडं होतं, त्याच्या खांद्यावर पिशवी होती. शपथ मोडायला आला म्हणून तिला त्याचा रागही आला होता. तो गेल्यावर तिनं दार लावून घेतलं होतं.

"पुन्यांदा तरी यायचं," ती म्हणाली. आवाज उतरला होता.

"येणार व्हतो." मुंजाजीनं दावं खाली ठेवलं. एवढं सलग तो कधी बोलत नसे. "मंग गंगाखेडच्या सभेत तुला बगितलं. माइकवर. सगळी माणसं तुझ्या पाया पडायलीत. मला वाटलं, तुला असंच बरं वाटायलंय. आता मी घरात आलो तर हिला पुढं कोन बसवील. म्हणून न्हाई आलो."

ती रडायला लागली. बारा वर्षांपूर्वी तिचं रडणं बघून तो घर सोडून निघाला होता, आताही त्याला ते सोसलं नाही.

"रडू नको. लगीन लावायचं तर लावू. तू वेगळं रहा म्हणलीस, राहिलो. आता एकत्र रहा म्हण, राहतो."

तिनं त्याचा हात धरला. त्यानं झटकन काढून घेतला आणि रस्त्याकडं बघितलं, कोणी येतंय का. मग ओशाळून म्हणाला, "सवय झाली बग. तू जवळ आलीस की मी काईतरी वंगाळ करायलोय असं वाटतंय. लय दिवस तसंच वाटून घेतलं. आता जाईना ते."

लग्न झालं. तीन रविवार नावं वाचली गेली, कोणी हरकत घेतली नाही. राजेश्री गंगाखेडहून पांढरी साडी घेऊन आली, जावयानं फटाके आणले. भर दुपारी, उजेडात, चाळीस माणसांसमोर बालाजी पाळकानं दोघांना नवराबायको म्हणून जाहीर केलं. केशरबाईला जे हवं होतं ते सगळं जसंच्या तसं मिळालं. मुंजाजीची खाट आखाड्यावरून घरी आली.

खाट आली, माणूस यायचा राहिला. तो घरात पाहुण्यासारखा वागतो. ती चहा घेऊन जवळ गेली की उठून उभा राहतो. जागा असेल तिथं अंग चोरून बसतो, कपडे बदलायला गोठ्याच्या आडोशाला जातो. पहिल्या महिन्यात तिनं एकदा त्याच्या पाठीला तेल लावायला घेतलं. तो बसून राहिला, पण अंग असं ताठ केलं की तिलाच दोन मिनिटांत हात काढावा लागला. आता लग्नातलं पवित्र आहे असं पाळकानं त्याला बाजूला घेऊन समजावलं. "बरं," मुंजाजी म्हणाला. पण त्याच्या अंगाला ते पटत नाही. केशरबाईनं साक्ष द्यायला जाणं सोडलं. नव्या गावची माणसं बोलवायला आली की ती म्हणते, "मी माझ्या माणसाला एका शब्दानं इचारलं न्हाई. पवित्र व्हायच्या नादात मी एकटीच पुढं गेले. हे सांगू का माइकवर?" ती माणसं निघून जातात. आणि ती खरंच आता मंडळीत मागं बसते.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं खाकरणं. सकाळपासून शेतात राबून दुपारी जेवायला आला की मुंजाजी स्वतःच्या घराच्या अंगणात थांबतो, बाहेरून खाकरतो, आणि केशरबाईनं "या" म्हटल्यावरच उंबरा ओलांडतो. एकदाही चुकत नाही. तिनं किती वेळा सांगितलं, तुमचंच घर हाय, इचारता कशाला. तो बरं म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाकरतो.

परवा तिनं ठरवलं, आज या म्हणायचं नाही. बघू आपणहून येतात का. ताट वाढलं, भाकरी शेकून टोपल्यात ठेवली आणि चुलीपाशी श्वास धरून बसून राहिली. तो आला. खाकरला. थोडा थांबून पुन्हा खाकरला. चैत्राचं ऊन, पायात वहाण नव्हती. केशरबाई मनात म्हणत होती, या, या हो, घर तुमचं हाय. तोंडानं बोलली नाही. थोड्या वेळानं बाहेर पावलांचा आवाज झाला. तिनं डोकावलं तर तो पाठमोरा, आखाड्याच्या वाटेला लागला होता.

ती तशीच अनवाणी पळाली. वेशीजवळ गाठलं, धोतराचा सोगा धरून त्याला थांबवलं.

"जेवायचं सोडून कुटं निघालात?"

मुंजाजी खाली बघत होता. त्याला राग आलेला नव्हता, वाईट वाटल्याचंही काही दिसत नव्हतं.

"मला वाटलं," तो म्हणाला, "आज नको असंल तुला."